मुठीत दगड, तळहातावर पाणी: कॉर्नफ्लोअरचं हट्टी मिश्रण घरी कसं करायचं

ज्यांच्या घरी उन्हाळ्यात कुरडया होतात त्यांनी हा पदार्थ आधीच हाताळलेला आहे, फक्त त्याला कुणी विज्ञान म्हटलं नाही. तीन दिवस भिजवलेले, रोज पाणी बदललेले गहू वाटायचे, गाळायचे, तो पांढरा चीक रात्रभर निवळत ठेवायचा आणि सकाळी वरचं पाणी अलगद ओतून द्यायचं. मग तळाशी बसलेला चीक काढायला हात घालावा तर बोटं आपटतात. पातेल्याचं बूड लागलं असं वाटतं. तीच बोटं नुसती टेकवून ठेवली की सावकाश आत उतरतात, आणि ओंजळीत उचललेला गोळा पातेल्याबाहेर येईपर्यंत फटींतून ओघळून गेलेला असतो. आमच्याकडे मुलांना या कामाला लावत नसत, कारण मुलं चीक काढायचा सोडून त्याच्याशी खेळत बसायची. मीही त्यांतलाच.

तोच खेळ गहू न भिजवता पंधरा मिनिटांत करता येतो. लागतं फक्त कॉर्नफ्लोअर आणि पाणी. इंग्रजीत याला ऊब्लेक म्हणतात. १९४९ साली आलेल्या एका अमेरिकन बालपुस्तकात आकाशातून पडणाऱ्या हिरव्या चिकट पदार्थाचं हे नाव होतं, ते पुढे याला चिकटलं. मराठीत वेगळं नाव नाही, म्हणून मी नुसतं 'मिश्रण' म्हणेन.

न्यूटनचं नाव यात कशाला?

अशा मिश्रणाला विज्ञानात 'नॉन-न्यूटनियन' द्रव म्हणतात. या शब्दाला बिचकू नका. १६८७ साली छापलेल्या ग्रंथात न्यूटनने असं धरलं होतं की द्रवाचे थर एकमेकांवरून जितक्या वेगाने सरकवावेत, त्याच पटीत विरोध होतो. दुप्पट वेगाने ढवळलं तर दुप्पट जोर लागेल. पाणी, गोडं तेल, ग्लिसरीन, साखरेचा पाक ही मंडळी हा नियम पाळतात. पाक पाण्यापेक्षा कितीतरी दाट असतो, पण भराभर ढवळला म्हणून आणखी दाट होत नाही. तो गार किंवा गरम झाला तरच बदलतो.

ज्यांचा दाटपणा ढवळण्याने, दाबण्याने, आपटण्याने बदलतो ते सगळे नॉन-न्यूटनियन. त्यांतले बहुतेक हलवले की पातळ होतात. टोमॅटो सॉसची बाटली उलटी धरून बसावं लागतं आणि दणका दिला की अर्धी बाटली ताटात येते. भिंतीचा रंग ब्रशखाली पसरतो, पण ब्रश उचलल्यावर ओघळत नाही. आपलं रक्तही याच जातीचं. उलट वागणारे, म्हणजे हलवल्यावर घट्ट होणारे, थोडे आहेत. आपलं मिश्रण त्या थोड्यांतलं.

पीठ कोणतं घ्यायचं

निम्मे लोक इथेच चुकतात. दुकानात 'मक्याचं पीठ' मागितलंत तर भाकरीचं पिवळं, रवाळ पीठ हातात पडेल. ते नको. त्यात कोंडा, अंकुरातलं तेल, प्रथिनं असं सगळंच दळलेलं असतं. आपल्याला हवा आहे मक्याचा निव्वळ स्टार्च, म्हणजे सूप आणि मंचूरियनसाठी आणतो ते पांढरंशुभ्र, पावडरसारखं मऊ कॉर्नफ्लोअर. अमेरिकेत राहणाऱ्यांनी मात्र 'कॉर्नस्टार्च' असं मागावं, कारण तिथे 'कॉर्न फ्लोअर' म्हणजे पुन्हा दळलेला मकाच. इंग्लंडमध्ये आपला शब्द चालतो.

घरी आणल्यावर एक चाचणी करा. चिमूटभर कोरडं कॉर्नफ्लोअर अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबून चोळा. नव्या चपलेसारखं ते करकरतं. ही करकर लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

कॉर्नफ्लोअर नसेल तर आरारूट किंवा तवकीर चालेल. बटाट्याचा स्टार्चही चालेल. वेफर्ससाठी बटाटे चिरून पाण्यात टाकतो तेव्हा तळाशी जो पांढरा थर बसतो तो हाच. गव्हाचा चीक तर चालतोच. मैदा चालत नाही, त्यातल्या ग्लुटेनमुळे लवचिक कणीक तयार होते. बेसनाचं भज्यांचं पीठ होतं. तांदळाच्या पिठीत स्टार्च भरपूर असतो, पण गिरणीतून आलेला तिचा प्रत्येक कण म्हणजे स्टार्चच्या असंख्य बारीक दाण्यांचं एक ओबडधोबड ढेकूळ असतं. त्याचं फार तर धिरडं होईल.

फरक दळण्यात आहे. स्टार्चचा दाणा वनस्पतीच तयार करते, गिरणी नाही. मक्याच्या स्टार्चचा एक दाणा ५ ते २० मायक्रॉनचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला तर त्याच्या रुंदीत असे चार-पाच दाणे सहज मावतील. बटाट्याचे काही दाणे १०० मायक्रॉनपर्यंत जातात. गार पाण्यात हे दाणे विरघळत नाहीत. साखर किंवा मीठ पाण्यात नाहीसं होतं, स्टार्च मात्र नुसता तरंगत राहतो आणि नंतर तळाशी बसतो. म्हणजे आपण विद्राव तयार करत नाही, पाण्यात कडक दाणे खच्चून भरतो आहोत. सगळी गंमत या 'खच्चून'मध्ये आहे.

प्रमाण

घरोघरी सांगितलं जाणारं माप आहे दोन वाट्या पीठ, एक वाटी पाणी. चुकीचं नाही, पण वाटी दाबून भरली की सैल भरली यावर वीस-तीस ग्रॅमचा फरक पडतो आणि या मिश्रणाला तेवढा फरक पुरतो. स्वयंपाकघरातला वजनकाटा असेल तर तो घ्या.

कॉर्नफ्लोअर २५० ग्रॅम.
गार पाणी १८० मिली, आणि बाजूला वाटीत आणखी ४० मिली.

सगळं पाणी एकदम ओतू नका. २५० ग्रॅम पिठाला २०० मिली पाणी लागलं तर पिठाचं वजन एकूण मिश्रणाच्या साधारण ५५ टक्के होतं. मजा येते ती या आकड्याच्या आसपास, दोन-तीन टक्के इकडे तिकडे. ५० च्या खाली उतरलात की नुसतं पांढरं पाणी. ६० कडे चढलात की ढेकळं. एवढी अरुंद पट्टी असल्यामुळे पहिल्या प्रयत्नात बहुतेकांचं बिघडतं, आणि मग 'आमचं कॉर्नफ्लोअर चांगलं नव्हतं' असं म्हणून ते सोडून देतात. कॉर्नफ्लोअरचा काही दोष नसतो.

काट्यावर मोजूनही शेवटचे दोन-तीन चमचे हातानेच ठरवावे लागतात. पाकिटातल्या 'कोरड्या' स्टार्चमध्येही दहा-बारा टक्के ओल असते. पावसाळ्यात झाकण सैल राहिलेल्या डब्यात ती वाढते. त्यामुळे मे महिन्यात जमलेलं माप जुलैत तसंच्या तसं जमेल याची खात्री नाही.

पाणी नळाचं चालेल, मात्र गार हवं. 'गरम पाण्यात गुठळ्या होणार नाहीत' असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ६०-७० अंश सेल्सिअसच्या सुमारास स्टार्चचे दाणे पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि त्याची खळ होते, तीच कपड्यांना लावायची. दाणे फुटले की खेळ संपला. थंड केल्यावरही ते परत येत नाहीत. सुती साडीला खळ लागते ती दाणे फुटल्यामुळे, आणि आपलं मिश्रण चालतं ते दाणे शाबूत असल्यामुळे.

रंग हवा असेल तर तो आधी पाण्यात घाला. चिमूटभर हळद पुरते. खाण्याच्या रंगाचे दोन-तीन थेंब चालतील, पण तळहात दोन दिवस रंगलेले राहतील हे मुलांच्या आईला आधी सांगा.

कालवायचं कसं

परात किंवा पसरट, उथळ भांडं घ्या. खोल पातेल्यात हात अडकतो आणि काही दिसत नाही. खाली जुनं वर्तमानपत्र अंथरा.

पीठ परातीत ओता. उंचावरून ओतू नका, आणि शेजारी गॅस किंवा निरांजन पेटलेलं नको. स्टार्चची भुकटी हवेत पसरली की ती पेट घेऊ शकते. २७ जून २०१५ रोजी तैवानमधल्या एका वॉटर पार्कमध्ये कार्यक्रमात उडवलेल्या रंगीत स्टार्चच्या भुकटीने पेट घेतला, १५ जण दगावले आणि पाचशेच्या आसपास लोक भाजले. परातीतल्या पाव किलोने असं होत नाही, पण पीठ फुंकून उडवायचा खेळ मुलांना शिकवू नका. पाणी पडलं की ही भीती संपते.

आता १८० मिली पाणी पिठावर सगळीकडे फिरवून घाला आणि दोन मिनिटं हात लावू नका. पाणी आपलं आपण मुरू द्या. मग बोटं परातीच्या तळाला लावून पीठ खालून उचला आणि वर उलटा, पुन्हा उचला, पुन्हा उलटा. कणकेसारखं मळायला जाल तर ते दगड होऊन बसेल आणि तुम्ही जितका जोर लावाल तितकं अडेल. चमचा मोडण्यापेक्षा हात बरा. मिक्सर, बीटर, रवी यांतलं काहीही वापरू नका. मिक्सरची मोटर जळेल आणि मिश्रण तसंच राहील.

तीन-चार मिनिटांनी कोरडं पीठ दिसेनासं होईल. इथून पुढे बाजूच्या वाटीतलं पाणी एकेक चमचा. प्रत्येक चमच्यानंतर पुन्हा खालून वर उलटायचं आणि थांबायचं.

जमलं हे कसं कळतं

पृष्ठभागावर बोटाने भराभर रेघ ओढा. कोरड्या मातीसारखी भेग पडली पाहिजे आणि एक-दोन सेकंदांत ती भरून आली पाहिजे. भरून आलीच नाही तर एक चमचा पाणी कमी आहे. भेग पडलीच नाही तर पाणी जास्त झालंय.

पण माझा खरा भरवसा चकाकीवर आहे. स्थिर मिश्रण दुधासारखं चकचकीत दिसतं. त्यावर तळहाताने चापट मारा. जिथे मारलं तिथली चकाकी क्षणभर उडते, पृष्ठभाग खडूसारखा कोरडा दिसतो आणि लगेच पुन्हा ओला होतो. ही उडी दिसली की पाणी घालणं थांबवा.

कोकणच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूतून चाललेल्या माणसाने हे पाहिलेलं असतं. पाऊल टेकलं की त्याच्याभोवतीची वाळू पांढरी पडते, जणू पाऊल पाणी पिऊन टाकतं. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञाने १८८५ साली याचं कारण सांगितलं. दाटीने बसलेल्या कणांना हलायचं असेल तर आधी एकमेकांपासून थोडं दूर व्हावं लागतं, मधल्या जागा वाढतात आणि वरचं पाणी त्या जागांत शोषलं जातं. परातीतली चकाकी उडते ती याच कारणाने. आत दाणे पुरेसे दाटले आहेत, हे वरूनच कळतं.

पाणी जास्त झालं तर दोन उपाय. एक म्हणजे चमचाभर पीठ भुरभुरवा. दुसरा कुरडईवाल्यांचा: परात अर्धा तास न हलवता ठेवा. स्टार्चचा दाणा पाण्याच्या दीडपट जड असल्याने तो खाली बसतो आणि वरचं पाणी चमच्याने काढून टाकता येतं. मला दुसरा जास्त आवडतो, कारण त्यात पिठाचा डबा पुन्हा उघडावा लागत नाही.

करून पाहायच्या गोष्टी

मूठभर मिश्रण उचला आणि दोन्ही तळहातांत लाडू वळल्यासारखं फिरवत राहा. फिरवत आहात तोवर घट्ट, कोरडा गोळा हातात असेल. हात थांबले की तो बोटांतून गळायला लागेल. मुलं इथेच अर्धा तास अडकतात.

परातीवर लाटण्याने ठोका मारा. एक थेंबही उडणार नाही. मग तेच लाटणं उभं धरून अलगद सोडा, आत बुडेल. आता ते झटक्याने वर खेचा. हलकी परात असेल तर परातही वर येईल. सावकाश ओढलं तर लाटणं निमूट सुटेल.

जुना, टाकाऊ स्पीकर असेल तर त्याच्या कागदी कोनावर प्लास्टिकचं दुहेरी आवरण बसवा, त्यावर पळीभर मिश्रण ओता आणि ३० ते १०० हर्ट्झमधला खालच्या पट्टीतला एकसुरी आवाज लावा. मोबाईलवर असे आवाज काढणारी ॲप मिळतात. आवाज वाढवत नेलात की मिश्रण बोटं फुटल्यासारखं वर उठतं आणि वळवळतं. अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ साली असाच थर थरथरत ठेवून त्यावर हवेची फुंकर मारली आणि पडलेलं भोक मिटतच नाही असं दाखवून दिलं. घरी इतकं साधेल असं नाही, पण बोटं नक्की नाचतात. चालू टीव्हीचा स्पीकर मात्र यासाठी उचलून आणू नका.

आणखी एक प्रयोग फारसं कुणी करत नाही. एका वाटीत कॉर्नफ्लोअरमध्ये पाण्याऐवजी खायचं तेल घालून सैलसर कालवा. ते कितीही आपटलंत तरी दगड होणार नाही. आता फुगा केसांवर घासून त्या वाटीतल्या चमच्यावरून पडणाऱ्या धारेजवळ न्या. धार फुग्याकडे वळते आणि घट्ट होते. पीठ तेच, दाणे तेच, फक्त मधला द्रव बदलला आणि स्वभाव पालटला.

हे होतं कशामुळे

बराच काळ लोकांची समजूत अशी होती की मिश्रण फक्त दाबाखाली घट्ट होतं. ती अर्धवट आहे. तुम्ही त्यावर एखादं जड पुस्तक हळूच ठेवलं तर ते बुडतं. दाब आहे, पण घट्टपणा नाही. मग वेग? तोही पूर्ण उत्तर नाही.

जात्याकडे पाहा. दोन तळ्यांमध्ये धान्य असतं तोवर वरची तळी सहज फिरते. घास संपला आणि तरी फिरवत राहिलं तर दगडावर दगड घासतो, खुंटा जड होतो, ठिणगीही उडते. म्हणून जातं रिकामं ओढू नये म्हणतात. मिश्रणातल्या दोन स्टार्चच्या दाण्यांमध्ये पाण्याचा पातळ थर असतो, तो जात्यातल्या घासाचं काम करतो. हळू हलवलं तर दाणे त्या थरावरून एकमेकांशेजारून निसटतात. जोरात ढकललं की तो थर पिळून बाहेर निघतो आणि दाणा थेट दाण्याला भिडतो. कोरडं कॉर्नफ्लोअर बोटांत चोळताना आलेली करकर आठवते? ते दाण्यावर दाणा घासल्याचं होतं. आता तेच पाण्याखाली घडतं. असे लाखो दाणे एकमेकांत अडकून साखळ्या होतात आणि त्या साखळ्या तुमचा जोर पेलतात. जोर काढलात की पाणी पुन्हा फटीत शिरतं आणि साखळ्या सुटतात.

हा घर्षणाचा विचार २०१४ साली मात्यू व्यार आणि मायकेल केट्स यांनी गणितात बसवला. त्यातून प्रमाणाचा तो अरुंद पट्टाही उलगडतो. दाणे कमी असतील तर भिडले तरी साखळी पूर्ण होत नाही. फार जास्त असतील तर ते आधीच अडकलेले असतात, त्यांना सुटायला जागाच नाही. दोन्हीच्या मध्ये अशी एक दाटी असते की हळू चालवलं तर वाट मिळते, घाई केली तर कोंडी होते.

त्याआधी दोन वर्षं, २०१२ मध्ये, शिकागो विद्यापीठात स्कॉट वाइटुकाइटिस आणि हाइनरिख येगर यांनी मिश्रणावर धातूची दांडी आपटली आणि आत काय होतं ते वेगवान कॅमेरा आणि क्ष-किरणांनी पाहिलं. दांडीखाली घट्ट भाग एकदम सगळीकडे तयार होत नाही, तो दांडीपुढे वाढत जातो. फावड्यापुढे माती साचत जाते तसे दाणे पुढच्या दाण्यांवर ढकलले जातात. म्हणून चापट मारल्यावर फक्त हाताखालचाच भाग दगडासारखा होतो आणि परातीचा दुसरा कोपरा द्रवच राहतो.

शाळेच्या प्रदर्शनासाठी मोठं माप

'त्याच्यावरून चालता येतं' हे ऐकलं की शिक्षकांचे डोळे चमकतात. येतं. पण आधी हिशेब करा.

एक मीटर लांब, ३० सेंमी रुंद ट्रे घेतला आणि त्यात १५ सेंमी उंचीपर्यंत मिश्रण भरायचं म्हटलं तर ४५ लिटर लागतं. या मिश्रणाचा एक लिटर साधारण सव्वा किलो भरतो, म्हणजे एकूण ५६ किलो. त्यातलं ५५ टक्के कॉर्नफ्लोअर, म्हणजे ३१ किलो, आणि २५ लिटर पाणी. किरकोळ पाकिटांनी हा खर्च परवडणार नाही. घाऊक बाजारात मका स्टार्चची गोणी मिळते का ते विचारा. ट्रेखालचं टेबल हे वजन पेलेल ना, तेही पाहून घ्या. खरं तर टेबल नकोच, जमिनीवर ठेवा.

एवढं कालवायला दोन माणसं आणि तासभर लागतो. थोडं थोडं परातीत तयार करून ट्रेमध्ये ओतत गेलात तर गुठळ्या राहत नाहीत. प्रदर्शन दहाला असेल आणि मिश्रण आठला भरलं असेल तर दहापर्यंत सगळा स्टार्च तळाशी जाऊन बसलेला असतो आणि पहिला मुलगा वरच्या पाण्यात छपाककन पाय घालतो. दर वीस मिनिटांनी तळापासून ढवळणारा एक माणूस लागतोच. त्याचं नाव आधी ठरवा.

मुलांना अनवाणी आणि पाय आपटत चालायला सांगा. मध्येच कुणी थांबलं आणि पाय रुतला तर ओढाओढ करू द्यायची नाही. जितकं ओढाल तितकं घट्ट धरेल. टाच आधी हलवून सावकाश वर काढायची. ओल्या पायांनी फरशी घसरडी होते, म्हणून दोन्ही टोकांना जुनी गोणपाटं अंथरा.

स्लाइम म्हणजे हे नव्हे

मुलं हमखास विचारतात म्हणून थोडक्यात. पांढरा डिंक आणि टाकणखाराचं पाणी यांचं स्लाइम करतात, तेही नॉन-न्यूटनियन आहे, पण त्याची घडण वेगळी. तिथे कडक दाणे नाहीत, डिंकातले लांबलचक रेणू आहेत आणि टाकणखार त्यांना एकमेकांशी सैलसर बांधतो. म्हणून ते ताणलं तर लांबतं, झटक्याने ओढलं तर तुटतं. कॉर्नफ्लोअर ताणता येत नाही. टाकणखार पोटात जाता कामा नये, त्यामुळे लहान भावंडं असलेल्या घरात मी स्लाइमपेक्षा कॉर्नफ्लोअरच सुचवेन. ते तोंडात गेलं तर फक्त चव वाईट.

दाण्यांच्या दाटीचं हेच तत्त्व पुढे कुठे कुठे गेलं आहे. अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठातले नॉर्मन वॅग्नर आणि तिथल्या लष्करी प्रयोगशाळेतले संशोधक यांनी सिलिकाचे अतिसूक्ष्म कण पॉलिएथिलीन ग्लायकॉल या द्रवात दाटून भरले आणि ते मिश्रण केव्हलार या मजबूत कृत्रिम धाग्याच्या कापडात मुरवलं. कापड एरवी वाकतं, पण धारदार वस्तू जोरात आदळली की आडवं येतं. पाण्याऐवजी ग्लायकॉल का? ते सहजासहजी उडून जात नाही. आपलं मिश्रण मात्र पंख्याखाली दोन तासांत कडेने वाळायला लागतं.

उलट दिशेचं उदाहरण चॉकलेटमध्ये आहे. वितळलेलं चॉकलेट म्हणजे कोकोच्या तुपात दाटीने भरलेले साखरेचे आणि कोकोचे कण. ते साच्यात नीट ओतता यायला हवं, म्हणून त्यात लेसिथिन घालतात. ते कणांमधलं घर्षण कमी करतं आणि तेवढ्याच कणांचं चॉकलेट पातळ वाहतं. पुढच्या वेळी वेष्टनावर इमल्सिफायर ३२२ दिसला तर तो हाच.

आवरताना

एक चूक मी केली आहे, तुम्ही करू नका. पहिल्यांदा परात सिंकमध्ये उलटी केली आणि नळ सोडला. पांढरं पाणी आरामात निघून गेलं म्हणून खूश होतो. स्टार्च पाइपच्या वळणात जाऊन बसला आणि दुसऱ्या दिवशी सिंक तुंबलं. मग शहाणपणा करून वरून उकळतं पाणी ओतलं. आता वळणात खळ तयार झाली. शेवटी वळणाचा पाइपच खोलावा लागला.

हात आणि भांडी आधी बादलीतल्या गार पाण्यात धुवा, ते पाणी अर्धा तास ठेवा, वरचं निवळलेलं सिंकमध्ये सोडा आणि तळाचा गाळ बागेत किंवा कचऱ्यात टाका. कपड्यांवर, गालिच्यावर पडलं तर ओलं पुसू नका. वाळू द्या, मग झटका. पांढरी भुकटी होऊन निघून जाईल.

मिश्रण झाकून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकतं. बाहेर ठेवलं तर आंबूस वास येतो. पुन्हा वापरताना तळाशी बसलेला थर हाताने खालून वर उलटून घ्या, एखादा चमचा पाणी लागेल. टाकायचं नसेल तर ताटात पातळ पसरून उन्हात वाळवा. गार पाण्यातच भिजले असल्याने दाणे शाबूत राहतात आणि वाळलेली भुकटी पुढच्या वेळी तशीच चालते. ती चाळून डब्यात भरा आणि डब्यावर ठळक अक्षरांत 'खेळायचं' असं लिहा, नाहीतर आठवड्याने कुणीतरी ती सुपात घालेल.